येते

१

मला वाटलं होतं, मी परत येईन आणि हे गाव आपली गोष्ट माझ्यापुढे ठेवून मोकळं होईल.

प्रागच्या फिल्म स्कूलमध्ये मी सतत या कारखान्यांच्या पट्ट्याबद्दल बोलायचे. लातूर, बीड, हिंगोलीहून येऊन चाकणच्या कंपन्यांत कंत्राटावर राबणारी विशीतली पोरं. सलग दोन शिफ्टा निघाव्यात म्हणून नाकात पावडर ओढणारी, दहा बाय दहाच्या रूममध्ये एकमेकांवर जीव ओवाळून टाकणारी आणि त्यातच संपणारी. या गोष्टीला सेट नको, स्टार नकोत, फक्त खरं हवं, असं मी सांगायचे. सांगताना माझा आवाज थरथरायचा आणि तो थरथरतो याचा मला अभिमान होता.

प्रत्यक्षात मला मिळाला धप्प.

चिखलीत केसरबाईंच्या इमारतीतली वरची रूम आम्ही शूटिंगसाठी घेतली. तिच्या खालीच वर्कशॉप होतं. तिथला प्रेस सकाळपासून गाड्यांचे पत्रे कापायचा. हळू आवाजातलं वाक्य आलं की धप्प. सिनेमातले दोघं एकमेकांच्या जवळ आले की धप्प. मी खाली जाऊन हात जोडले, तर मालक म्हणाला, "मॅडम, तुमचा पिक्चर थांबला तर तुम्ही घरी जाल. माझा प्रेस थांबला तर कंपनीची लाइन थांबते." मग त्याने विचारलं, सीरियल कुठल्या चॅनलवर लागणार?

सगळे हेच विचारायचे. रस्त्यावर कॅमेरा काढला की लोक हात हलवायचे. ज्यांच्या आयुष्यावर मी सिनेमा करत होते ती पोरं सेल्फी मागायची आणि म्हणायची, "ताई, जरा मारामारी टाका राव, असं कोण बघणार?"

शेवटी गुरुवार उरला. इथल्या कारखान्यांना सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. त्या दिवशी प्रेस बंद, लेथ बंद, पत्र्यावरचे हातोडे बंद. अख्खी चिखली मुकी होते. माझा सगळा सिनेमा गुरुवारांवर आला.

२

आम्ही चौघंच होतो. कॅमेरा माझ्याकडे. आवाजाला रणजीत, लग्नं आणि कीर्तनं रेकॉर्ड करून करून गप्प झालेला माणूस. सिनेमातला 'तो' म्हणजे ओजस, पुनावळ्याच्या टॉवरमध्ये वाढलेला. 'ती' म्हणजे सलोनी, चऱ्होलीची, कॉलेजच्या एकांकिकांत बक्षिसं मिळवलेली.

दोघांना मी नावं दिली नव्हती. नाव दिलं की दुःख एकट्याचं होतं, असं माझं म्हणणं. ओजस म्हणायचा, "नाव दिलं असतंस तर हाक तरी मारता आली असती, विजू."

सलोनीने मात्र माझं सगळं मनावर घेतलं. "ताई, मी इथेच राहते," ती म्हणाली. "घरून ये-जा करून मला ती सापडत नाहीये." घरी तिने अभिनयाचं शिबिर आहे असं सांगितलं. मी हरखून गेले. नवी गादीसुद्धा आणू दिली नाही. आधीच्या भाडेकरूंची एक गादी माळ्यावर पडली होती, तीच केसरबाईंकडून मागून घेतली. केसरबाई म्हणाल्या, "ती कशाला? फेकायची हाय ती." मी म्हणाले, हीच खरी आहे.

पावडरीच्या जागी आम्ही पिठीसाखर वापरायचो. ओढल्याचं फक्त दाखवायचं. मुंग्यांना मात्र हा फरक कळायचा नाही. ताटली ठेवली की भिंतीच्या भेगेतून त्यांची रांग निघायची आणि प्रत्येक टेकच्या आधी मला फुंकर मारून त्या उडवाव्या लागायच्या. माझ्या कलेला खरा प्रेक्षक तेवढाच, असं म्हणून मी एकटीच चिडायचे.

सलोनी गादीवर पाय पसरून हसायची. तिच्या एकाच पायाची नखं पिवळी होती. दुसऱ्या पायापर्यंत पोचण्याआधीच नेलपॉलिशची बाटली सुकली होती.

३

शेवटच्या सीनमध्ये तो पावडर घेऊन गोधडीत पडलेला असतो. ती बॅग भरते, दारात थांबते, एक वाक्य बोलते आणि कायमची निघून जाते. ते वाक्य मी प्रागमध्ये लिहिलं होतं: 'जाते मी.'

तालमीत सलोनी तिथेच अडायची. "ताई, जिभेवर येत नाही हे."

"का?"

"जाते कोण म्हणतं? येते म्हणतात. घरातून निघताना जाते म्हटलं तर आई पाठीत धपाटा घालेल."

"पण ती परत येणारच नाहीये, सलोनी. तोच तर अर्थ आहे."

"म्हणूनच ती येते म्हणेल."

"आणि मी बेशुद्ध," ओजस गोधडीतून बोलला. "मला काहीच म्हणायचं नाही. सुटलो."

केसरबाई बाहेर गॅलरीत मेथी निवडत बसल्या होत्या. वर न बघताच त्या म्हणाल्या, "पोरीचं बरोबर हाय. या खोलीत जाते म्हणू नका, बाई. आन येते म्हनलं, की समोरच्यानं ये म्हनावं. न्हाईतर निघालेलं मानूस उंबऱ्यात लटकून ऱ्हातं."

इंग्रजी सबटायटलमध्ये ते 'जाते' किती सुंदर दिसेल, हे या तिघांना कसं सांगणार? मी वैतागून कागदावर काट मारली. येते तर येते.

४

प्रत्येक खोलीची स्वतःची शांतता असते. शूटिंग संपताना सगळ्यांनी आहे तिथे थांबायचं, तोंड मिटायचं आणि ती शांतता रेकॉर्ड करायची. पुढे एडिटिंगमध्ये वाक्यांमधल्या फटी तिने बुजवायच्या. याला रूम टोन म्हणतात.

त्या गुरुवारी दुपारी रणजीतने हात वर केला आणि आम्ही पुतळे झालो. ओजस खिडकीशी. सलोनी गॅलरीत, हसू येऊ नये म्हणून ओढणी तोंडात धरून. मी गुडघ्यावर, एक हात गादीवर टेकलेला.

गादी गरम होती.

कोणीतरी आताच उठून गेल्यावर लागते तशी, मधोमध, अंगाच्या आकाराएवढी गरम. सकाळपासून आम्ही खिडकीपाशीच शूट करत होतो, गादीवर कोणी बसलंही नव्हतं. ऊन पडलं असेल म्हणावं, तर खिडकी पश्चिमेची आणि ऊन अजून पलीकडच्या पत्र्यावरच होतं. खालून प्रेसची धग म्हणावी, तर गुरुवार.

"झालं," रणजीत म्हणाला.

मी हात उचलला आणि सलवारला पुसला. पुसण्यासारखं काही लागलं नव्हतं.

५

निगडीला आमच्या घरी, भर सकाळी, स्वयंपाकघरात कुकर शिट्ट्या देत असताना मी ती शांतता ऐकली. पंख्याची घरघर. लांबचा ट्रक. आणि मग, माइकपासून थोडं दूर:

"येते."

आवाज बाईचा होता. झोप न झालेला, घसा बसलेला. शेवटचा स्वर जरा वर उचललेला, उत्तराची वाट बघतात तसा. सलोनीचा आवाज पातळ आहे. हा तिचा नव्हता.

मी रणजीतला फोन लावला.

"बाजूच्या रूममधलं असेल, मॅडम."

"बाजूची रूम रिकामी आहे."

"मग जिन्यातलं."

"तुला तेव्हा हेडफोनवर नाही ऐकू आलं?"

"मला त्या खोलीत प्रेस बंद असला तरी ऐकू येतो. मी कानाचं मनावर घेत नाही आता."

खरं सांगायचं तर मी घाबरले नाही, चिडले. आठवड्यातून एक शांतता मिळते, तिच्यातही कोणीतरी बोलून ठेवतं! पुढच्या गुरुवारी पुन्हा रेकॉर्ड करायचं ठरवलं.

६

या वेळी हेडफोन मी लावले. दार उघडं ठेवून सलोनी उंबऱ्यात उभी राहिली. तिच्या मागे गॅलरी स्वच्छ दिसत होती, कोणी नव्हतं. रणजीतने हात वर केला.

पंखा. लांब कुत्रं. माझाच श्वास. आणि मग अगदी जवळ, कोणी निघता निघता वाकून सांगावं तसं:

"येते."

"ये," मी म्हणाले.

ठरवून नाही म्हणाले. मावशीच्या, शेजारच्या काकूंच्या, दूधवाल्या बाईंच्या येतेला लहानपणापासून जसं उत्तर देत आले, तसं ते तोंडातून गेलं. परदेशात माझ्या बऱ्याच सवयी सुटल्या, ही सुटली नव्हती.

"कोणाला?" ओजसने विचारलं.

"टेक गेला," रणजीत म्हणाला.

सलोनी माझ्याकडे बघत नव्हती. उंबऱ्यात उभी होती ती जरा बाजूला सरकली. अरुंद दारातून आत येणाऱ्याला वाट द्यायला सरकतात, तेवढीच.

मी खाली गेले आणि केसरबाईंना विचारलं, त्या रूममध्ये आधी कोण राहायचं. त्या बराच वेळ पदराने चष्मा पुसत राहिल्या.

"दोघी पोरी. एक दिवसपाळीला, एक रातपाळीला. गादी एकच. एक उठली की दुसरी पडायची, गादी कधी गार व्हायची न्हाई. निघनारी म्हनायची येते, पडनारी म्हनायची ये. तेवढंच बोलनं त्यांचं."

"मग?"

"रातपाळीची पावडर घ्यायची, जागं ऱ्हायला. एक दिवस ती येते म्हनून निघाली, आन आत ये म्हनायला कुनी नव्हतं. दिवसपाळीची आधीच गाव गाठून बसलेली."

"आणि रातपाळीची? ती कुठे गेली?"

केसरबाईंनी चष्मा लावला. "ती अजून यायचीय," त्या म्हणाल्या आणि गिरणीतून पीठ आणायला निघून गेल्या.

७

त्यानंतर मुंग्या ताटलीकडे यायच्या थांबल्या.

मी ताटली ठेवली, कॅमेरा लावला, सवयीने फुंकर मारायला वाकले. भेगेतून रांग आली होती, पण ताटलीपासून वीतभर अंतरावरून वळसा घालून परत भेगेत जात होती. मी बोटाच्या टोकाने चव घेतली. कडू. जिभेचा शेंडा बधिर झाला.

माझ्या बुद्धीला हायसं वाटलं, हे लिहायला विचित्र वाटतं. पण सगळ्याचा अर्थ लागत होता: सलोनी खरीच पावडर ओढत होती. सलोनीचे खोल गेलेले डोळे, बसत चाललेला घसा, तासन्‌तास उंबऱ्याकडे बघत राहणं. मी ताटली मोरीत ओतली आणि सलोनीला खांद्याला धरून हलवलं.

"कुठून आणलंस हे? कोण देतं तुला?"

"ती ठेवून जाते."

"कोण ती? नाव सांग."

सलोनी थकलेलं हसली. "ताई, तुम्हीच म्हणालात ना, नाव द्यायचं नाही."

ओजस मला गॅलरीत घेऊन गेला. "विजू, मी सांगत नव्हतो. ती माझ्याकडे बघत नाही, माझ्या खांद्यावरून मागे बघते. मघाशी मिठीच्या टेकमध्ये कानात म्हणाली, ऊठ, माझी झोपायची वेळ झाली. आहे का हे स्क्रिप्टमध्ये?"

"ती इंप्रोव्हाइज करते."

"तिला डॉक्टरकडे ने. तुझं ते खरं पुरे झालं आता."

"एकच सीन उरलाय, ओजस. त्यात तर तू नुसता पडलेला आहेस."

"मग उशा पडू देत माझ्या जागी." त्याने हेल्मेट घातलं. "जातो," तो मुद्दाम म्हणाला आणि खरंच परत आला नाही.

सलोनीला मी त्याच संध्याकाळी घरी सोडणार होते. "सीन झाला की जाईन ना, ताई," ती म्हणाली. "मला आता इथून निघायचंच आहे. पण तुम्ही असतानाच." मला तिला तिथून बाहेर काढायचं होतं. आणि मला तो सीनही हवा होता. पुढच्या गुरुवारी दोन्ही एकदमच होईल, अशी मी माझी समजूत घातली.

८

गुरुवार, दुपार. प्रेस बंद. मी दोन उशा गादीवर लांब ठेवल्या, वर गोधडी घातली, कडा दाबल्या. कॅमेऱ्यातून बघितलं तर पाठ करून झोपलेलं माणूस वाटत होतं. रणजीत हेडफोन लावून, रेकॉर्डरमध्ये मान घालून कोपऱ्यात उभा राहिला. मेमरी कार्ड गॅलरीतल्या कॅमेऱ्याच्या बॅगेत राहिलं होतं म्हणून मी बाहेर गेले आणि लगेच आत आले. सलोनी बॅग घेऊन, कंपनीचा राखाडी शर्ट आणि बूट घालून तयार उभी होती.

"ॲक्शन."

तिने बॅगेची चेन ओढली. दाराशी गेली. गोधडीकडे वळून बघितलं.

"येते," ती म्हणाली.

बसलेला घसा. शेवटचा स्वर वर उचललेला. तो आवाज मी इतक्या वेळा ऐकला होता की आधी फक्त समाधान वाटलं: सापडली हिला ती.

मग गोधडीतून, झोपेत, पातळ आवाजात कोणीतरी म्हणालं, "ये."

ती निघून गेली. लोखंडी जिन्यावर बूट वाजत खाली उतरले, घाई न करता, रोजच्या माणसाचे. मी कॅमेऱ्याच्या डोळ्याला डोळा लावून तशीच उभी. चौकटीत गोधडी वर होत होती, खाली होत होती.

रणजीतने माइकचा दांडा भिंतीला टेकवला, आवाज होऊ नये इतका हळू. "मॅडम," तो कुजबुजला, "उशा."

दोन्ही उशा दाराशेजारी भिंतीला लावून ठेवल्या होत्या. एकावर एक, नीट.

गोधडीच्या कडेतून एक पाय बाहेर आला होता. नखं पिवळी. मी बघत असतानाच झोपेतल्या पायासारखी त्याची बोटं आखडली आणि तो आत ओढला गेला.

आम्ही कॅमेरा तिथेच टाकून खाली उतरलो. रस्त्यावर उन्हात उभं राहून मी सलोनीला फोन लावला. तिने लगेच उचलला. "रिक्षात आहे, ताई. घरी चाललेय." मागे रिक्षाचा हॉर्न होता, वाऱ्याचा आवाज होता. म्हणजे ती रिक्षात होती. म्हणजे वर कोणी नव्हतं. बुद्धीला एवढं पुरलं. रणजीत मात्र तोपर्यंत गाडीला किक मारून गेला होता.

९

सकाळी केसरबाईंचा फोन आला. मागे धप्प, धप्प चालू झालं होतं.

"बाई, तुमची पोरगी अजून निजलीय. कालपास्नं उठली न्हाई. दारातनं हाक मारली, तर म्हनती उठता येत न्हाई, ती अजून आली न्हाई. बघा बाई काय ते. मी काय आत जायची न्हाई."

मी बोलत असतानाच दुसरा फोन वाजू लागला. स्क्रीनवर सलोनीचं नाव. मी घेतला. मागे चऱ्होलीच्या घरातला कुकर, तिची आई कोणालातरी पोळ्या वाढतेय.

"ताई, निघालेय मी," बसलेला घसा म्हणाला. "रूमवर जायचंय ना? येते."

आणि थांबली.

सलोनीच्या आईने हिला जेवायला वाढलं होतं. सलोनीच्या पलंगावर ही झोपली होती. घरात कोणाला काही वेगळं वाटलं नव्हतं. उत्तराची वाट बघत ती फोनवर शांत होती आणि ती शांतता मला पाठ होती. माझे ओठ 'ये'साठी उघडलेसुद्धा. मी ते दातांखाली धरले आणि फोन बंद केला.

ही रूमवर पोचली की गादीवरची खरी सलोनी उठणार. उठून कुठे जाणार, ते मला बघायचं नव्हतं. चऱ्होलीपेक्षा निगडी चिखलीला जवळ आहे, एवढं एकच माझ्या बाजूने होतं. कॅमेऱ्यात माझा शेवटचा सीन पडला होता, मी मागत आले त्याहून खरा. तो तिथेच राहील. त्या रूममधून मी एकच गोष्ट उचलणार होते.

चप्पल पायात सरकवून मी न बोलता उंबरा ओलांडला. "अगं, येते तरी म्हण!" आई मागून ओरडली. मी म्हणाले नाही.

काय म्हणायचं ते जिना उतरतानाच ठरवलं. येते नाही. जाते नाही. ये तर नाहीच. गोधडी बाजूला करायची, जो हात मिळेल तो घट्ट धरायचा, मागे वळून बघायचं नाही आणि बाहेर पडेपर्यंत एकच शब्द म्हणत राहायचा.

चल.